जेसन फाइलमध्ये टीप लिहायची तर

एखादी वेळमर्यादा 30 ऐवजी 90 सेकंद का केली, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. टीप त्या आकड्याला लागूनच हवी. पण जेसनमध्ये, म्हणजे सेटिंग्ज आणि डेटा मजकुरात लिहिण्याच्या या साच्यात, कॉमेंटला (प्रोग्रामने सोडून द्यायच्या टिपेला) जागा नाही. जेसन मांडणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती मुद्दाम काढली. लोक कॉमेंटमध्ये पार्सरसाठी, म्हणजे फाइल वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामसाठी, सूचना लिहू लागले होते. तसंच चालू राहिलं असतं, तर एकच फाइल दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाचली गेली असती. म्हणून // ही कॉमेंटची खूण दिसली की काटेकोर पार्सर तिथेच थांबतो.

आधी ही फाइल नेमकं कोण वाचतं ते शोधा. नावाच्या शेवटी डॉट जेसन आहे एवढ्यावर जाऊ नका. टाइपस्क्रिप्ट भाषेची सेटिंग्जची फाइल टीएसकॉन्फिग आणि व्हीएस कोड या एडिटरची सेटिंग्ज यांत // आणि /* */ दोन्ही बिनदिक्कत चालतात. तीच टीएसकॉन्फिग पायथनच्या नेहमीच्या जेसन मॉड्यूलने उघडा, पहिल्याच कॉमेंटवर अडेल. फाइल दोघे वाचत असतील तर त्यांतला जो कडक, त्याच्या हिशेबाने लिहा.

कडक पार्सरपुढे एक वाट अशी: टीप हाच डेटा करायचा. एनपीएम या जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर "//" ही की (म्हणजे माहितीच्या आधी येणारं तिचं नाव) टिपेसाठी मोकळी सोडलेली आहे.

{
  "//": [
    "तारखांची लायब्ररी 4 वरच ठेवा, 5 मध्ये साचा बदलतो.",
    "हिशेबाचा अहवाल तपासल्याशिवाय वाढवू नका."
  ]
}

दोन ओळी लिहायच्या तर अशी यादीच करा. "//" ही की दोनदा लिहिली, तर बहुतेक पार्सर शेवटचीच ठेवतात, आणि पुढच्या वेळी एनपीएमने फाइल पुन्हा लिहिली की पहिली टीप कायमची जाते. ही की डिपेंडन्सीजच्या, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या, कंसात घालू नका. तिथली प्रत्येक की पॅकेजचं नाव समजली जाते आणि इन्स्टॉल फसतं. पीएचपीची पॅकेजेस बसवणाऱ्या कंपोझरमध्ये याच कामाला "_कॉमेंट" आहे, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

पण अनोळखी की सगळेच सोडून देत नाहीत. डॉकरच्या डीमन डॉट जेसनमध्ये अशी टीप घातली, तर असा कुठलाही पर्याय नाही म्हणून डीमन, म्हणजे डॉकरचा मागे चालत राहणारा प्रोग्राम, सुरूच होत नाही. आणि हे कळतं ते पुढच्या रीस्टार्टला, म्हणजे बहुधा नको त्या वेळी. अशा ठिकाणी मूळ फाइल कॉमेंट चालणाऱ्या यॅमल किंवा जेसॉनेट या साच्यांत कॉमेंटसकट ठेवा आणि त्यातून जेसन तयार करा. तयार झालेल्या फाइलला मग कुणी हात लावायचा नाही. लावला तर पुढच्या वेळी तो बदल पुसला जाणार.

कॉमेंट लिहून, वाचण्याआधी ती गाळून टाकायची, हाही मार्ग चांगला आहे. खुद्द क्रॉकफर्ड यांनी तो सुचवला होता. मात्र // पासून ओळीच्या शेवटपर्यंत सगळं उडवणारा सेडचा (मजकूर बदलणाऱ्या कमांडचा) एका ओळीचा उपाय करू नका. फाइलमध्ये

"पत्ता": "एचटीटीपीएस://…"

असं काही असलं की अवतरणचिन्हाच्या आतलं // सुद्धा कापलं जातं, स्ट्रिंग उघडी राहते आणि धडधाकट फाइल मोडते. स्ट्रिंग, म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर, कुठे सुरू होते, कुठे संपते हे ओळखणारं साधन घ्या. नोडमधलं स्ट्रिप-जेसन-कॉमेंट्स कॉमेंटच्या जागी कोऱ्या जागा भरतं, त्यामुळे चूक कुठल्या ओळीत आहे हे सांगणारा क्रमांक मूळ फाइलशी जुळतो.

टिपा मराठीत लिहीत असाल तर आणखी एक. पायथनने फाइल पुन्हा लिहिली की प्रत्येक देवनागरी अक्षराचा संकेत होतो, "क"च्या जागी \यू0915 असं काहीतरी येतं. पार्सरला फरक पडत नाही, पण टीप माणसाला वाचता येत नाही. लिहिताना एन्शुअर-ॲस्की हा पर्याय फॉल्स करा आणि फाइल यूटीएफ-8 मध्येच उघडा.