जुन्या गाडीचा आतला लाइट आणि क्लच: गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे बघा

मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, तरी ती आणि तिच्या वयाच्या गाड्या मराठवाड्यात अजून गावोगाव पळतात. गॅरेजवाल्याने गाडी न हलवताच "क्लच प्लेट गेली" म्हटलं की मालक घाबरून होकार देतो. तसं करू नका.

आधी लाइट, कारण ते काम छोटं आहे. छतावरचा स्विच कायम चालूवर ठेवून लाइट लागला, पण दार उघडल्यावर लागत नसेल, तर बहुतेक वेळा दोष दाराच्या खांबावरच्या बटणात असतो. स्क्रू काढून बटण बाहेर ओढा आणि वायर बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवा. हे बटण फक्त अर्थ देतं, म्हणजे वायर बॉडीला जोडून सर्किट पूर्ण करतं, त्यामुळे टेकवताच लाइट लागला तर बटण गंजलंय किंवा आपल्याकडची धूळ आत बसलीय. पॉलिश पेपरने घासून परत बसवा. वायर मात्र हातातून सोडू नका. खांबाच्या आत गेली की काढणं फार जिकिरीचं. चालूवरही लागत नसेल तर बल्ब बघा, मग फ्यूज. फ्यूज उडतो म्हणून जाड फ्यूज किंवा तांब्याची तार घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, वायरिंग पेटतं. आणि लाइट विझतच नसेल तर तो तसाच ठेवू नका: 10 वॅटचा बल्ब 35 अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांत झोपवतो.

आता क्लच. इथेच लोक चुकतात, आणि मलाही सुरुवातीला हेच जड गेलं. तक्रारी दोन, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली, क्लच सुटत नाही: रिव्हर्स टाकताना खर्र आवाज येतो, गिअर अडतो. याचा अर्थ प्लेट झिजली असा नाही. बहुधा पेडलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी क्लचची वायर ताणून लांबलेली असते आणि पेडलचा प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची पेडलची मोकळी चाल, वाढलेला असतो.

दुसरी, क्लच घसरतो: मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन ओरडतं, गाडी मात्र वेग घेत नाही, आणि जळका वास येतो. प्लेट जशी झिजते तसा वायरवाल्या क्लचचा प्ले कमी होतो आणि पेडल वर येऊन पकडतं.

म्हणून आधी प्ले मोजा. पायाने नाही, हाताने. पेडलशेजारी पट्टी उभी धरा आणि बोटांनी दाबा. हलकं जातं तेवढं अंतर म्हणजे प्ले. या गाड्यांत तो साधारण 15 ते 25 मिलिमीटर हवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. प्ले जास्त असेल तर क्लच वायरचा गिअरबॉक्सकडचा नट आवळा, कमी असेल तर सैल करा. प्ले शून्यावर असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटही घसरू लागते. नट पार शेवटपर्यंत सैल करूनही प्ले मिळत नसेल, तर मात्र प्लेट खरोखर संपली.

खात्रीसाठी मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट पकडतेय. हे एकदाच करा. पुन्हापुन्हा करून बघणारे चांगली प्लेट जाळतात. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीमागे हाफ क्लचवर रांगणारेही तेच करतात: पहिल्या गिअरमध्ये जा, अंतर पडू द्या, मग पुढे सरका.

प्लेट बदलायचीच ठरली तर प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग सोबतच घ्या. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. जुनी प्लेट हातात घ्या. ती तेलकट असेल तर इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल येतंय का ते बघायला सांगा. सील न बदलता नवी प्लेट बसवली तर तीही घसरेल.