एसटीझेड देऊनही रॅट डायबेटिक होत नाहीत, किंवा होतात आणि मरतात? या चुका टाळा

एम.फार्मला असताना माझ्या पहिल्या बॅचमध्ये तीस विस्टार जातीचे रॅट होते. सोमवारी सकाळी स्ट्रेप्टोझोटोसिन, म्हणजे रॅटला मुद्दाम डायबेटिस आणायला वापरतात ते आपलं एसटीझेड, दिलं. मंगळवारी अॅनिमल हाऊसचं दार उघडलं तर सात रॅट पिंजऱ्यात ताठ पडलेले, आणि गुरुवारी शुगर बघितली तर दहा-बारा जणांची शुगर १०५, ११२, ९८, म्हणजे त्यांना काहीच झालेलं नाही. बाटली एकच, डोस एकच, दिवस एकच. रात्री रूमवर रजिस्टर घेऊन बसले आणि कोणाला कितव्या नंबरला इंजेक्शन दिलं ते शुगरच्या आकड्यांशेजारी लिहित गेले, तेव्हा दिसलं की मेलेले सगळे पहिल्या पानावरचे आहेत आणि नॉर्मल राहिलेले सगळे शेवटच्या पानावरचे.

त्या दोन पानांत दोन वेगवेगळ्या चुका होत्या. त्यानंतर बरीच वर्षं याच मॉडेलवर, म्हणजे माणसाच्या आजाराची नक्कल रॅटमध्ये करून, काम केलं, ज्युनियर पोरांच्या बॅच बघितल्या, आणि तेच तेच परत होताना दिसतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

औषध विरघळलं की घड्याळ सुरू

एसटीझेड साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये टिकत नाही. ०.१ मोलार सायट्रेट बफर, पीएच ४.५, बर्फावर थंड केलेला, त्यातच विरघळवायचं आणि तेही दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच. मी तीस रॅटचं औषध एकदम एका बाटलीत केलं होतं आणि शेवटच्या रॅटपर्यंत पोचायला दीड तास लागला, तोवर बाटलीतल्या औषधाचे तुकडे होत गेले होते.

आता आम्ही असं करतो. पावडर आधीच वजन करून छोट्या ट्यूबमध्ये भरायची, एक ट्यूब चार-पाच रॅटपुरती, प्रत्येक ट्यूबला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायची कारण उजेडही याला चालत नाही, आणि ट्यूब बर्फात ठेवायच्या. ३५ मिग्रॅ प्रति किलो डोस आणि २०० ग्रॅमचा रॅट असेल तर एकाला ७ मिग्रॅ लागतं, पाच जणांना ३५, सिरिंजमध्ये थोडं वाया जातं म्हणून ४२ मिग्रॅ भरायचं आणि १.२ मिली बफर घालायचा, म्हणजे प्रत्येकी ०.२ मिली. एकाने रॅट धरायचा, दुसऱ्याने टोचायचं, तिसऱ्याने वेळ लिहायची. पहिली ट्यूब संपली की मगच दुसरीत बफर. वजन त्याच दिवशी सकाळचं घ्यायचं, मागच्या आठवड्याचं चालत नाही, कारण या वयाचे रॅट आठवड्यात चांगलेच वाढतात.

बफरचा पीएच मीटरवर बघा आणि मीटर आधी कॅलिब्रेट करा, पट्टीवर भागवू नका. पावडर उणे २० ला, बाटली काढल्यावर रूमच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही नाहीतर आत दमटपणा धरतो. आणि ग्लोव्ह्ज-मास्क घालाच, हे औषध डीएनएला चिकटतं, कॅन्सर करू शकतं, वजन करताना पंखा बंद ठेवा.

रॅट डायबेटिक न होण्याचं आतड्यात इंजेक्शन जाणं हेही एक कारण असतं. आयपी, म्हणजे पोटाच्या पोकळीत इंजेक्शन, देताना रॅटचं डोकं थोडं खाली, सुई पोटाच्या खालच्या उजव्या भागात, कारण सीकम (मोठ्या आतड्याची पिशवी) बहुतेक डावीकडे असतं, आणि टोचल्यावर पिस्टन हलका मागे ओढून बघायचं. हिरवट-तपकिरी काही आलं तर ती सिरिंज टाकून द्या आणि त्या रॅटची नोंद करा.

पहिल्या रात्रीचं ग्लुकोजचं पाणी

पहिल्या पानावरचे सात का मेले? त्यांना औषध पूर्ण ताकदीचं मिळालं होतं. एसटीझेडच्या रेणूत ग्लुकोजचा भाग असतो, त्यामुळे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी त्याला ग्लुट-२ या दारातून आत घेतात, आत गेल्यावर ते डीएनए तोडतं आणि तो दुरुस्त करता करता पेशीचं एनएडी (ऊर्जेसाठी लागणारा रेणू) संपतं. शुगर सुरुवातीला थोडी वाढते, मग चार-आठ तासांनी मरणाऱ्या पेशींतलं साठलेलं इन्सुलिन एकदम रक्तात सांडतं आणि शुगर धडकन खाली येते, आणि ४८ ते ७२ तासांनी जी वाढते ती खरी वाढ. मधली ही घसरण नेमकी संध्याकाळ-रात्रीकडे येते जेव्हा अॅनिमल हाऊसला कुलूप असतं, त्यात माझे रॅट आदल्या दिवसापासून उपाशी होते. इंजेक्शननंतर लगेच खाणं द्या आणि पहिली रात्र पिण्याच्या बाटलीत ५ टक्के ग्लुकोज ठेवा. पुढच्या बॅचला एवढंच केलं, मंगळवारी सकाळी सगळे जिवंत होते, मी पिंजरे दोनदा मोजले.

डोस टाइप १ चा आणि टायटल टाइप २ चं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि व्हायव्हामध्ये सगळ्यात कमी विचारली जाणारी. साध्या खाण्यावरच्या रॅटला किलोमागे ५०-६० मिग्रॅ एसटीझेड एकदम दिलं की बीटा पेशी बहुतेक जातात, शुगर ४५०-५०० ला जाते, रॅट लघवी करून करून बेडिंग भिजवतो, वजन उतरतं. हा इन्सुलिनच नसलेला डायबेटिस झाला, टाइप १ च्या जवळचा. थिसिसवर मात्र "टाइप २ डायबेटिस" लिहिलेलं असतं. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं पण शरीर त्याला दाद देत नाही आणि मग हळूहळू पेशी थकतात, तो क्रम तुमच्या रॅटमध्ये घडला पाहिजे तर ते मॉडेल.

१८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिंकोवस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला डायबेटिस झाला. त्यांचा प्रश्न होता हा अवयव नसेल तर काय होतं, आणि मॉडेल त्या प्रश्नाला बरोबर होतं. तुमचा प्रश्न इन्सुलिन रेझिस्टन्सचा, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद न देण्याचा, असेल तर आधी रेझिस्टन्स तयार करावा लागेल. मोहालीच्या नायपर या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेतल्या टीमचा २००५ चा पेपर आपल्याकडे सगळेच वापरतात, दोन आठवडे चरबीचं खाणं आणि मग किलोमागे ३५ मिग्रॅ एसटीझेड. त्या कामातली कळीची गोष्ट अशी की तोच ३५ चा डोस साध्या खाण्यावरच्या रॅटला दिला तर तशी शुगर वाढली नाही. म्हणजे चरबीने आधी रेझिस्टन्स आणला होता, एसटीझेडने फक्त शेवटचा धक्का दिला. म्हणून तुमच्या प्लॅनमध्ये साधं खाणं अधिक ३५ मिग्रॅ असा एक छोटा ग्रुप ठेवा, त्याचीही शुगर ४०० ला गेली तर तुमचा डोस तुमच्या रॅटला जास्त आहे. त्यांचे रॅट स्प्रेग-डॉली जातीचे होते, आपले बहुतेक विस्टार, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलू नका, आधी तीन-चार रॅटवर पायलट करा. माद्या या औषधाला कमी दाद देतात, नर-मादी मिसळून एक डोस ठेवला तर आकडे पसरतात.

आणि एक खूण सांगते. तुलनेसाठी ठेवलेल्या स्टँडर्ड ग्रुपला ग्लिबेनक्लामाइड ही डायबेटिसची नेहमीची गोळी देताय आणि शुगर उतरतच नाही? गोळीला दोष देऊ नका. ग्लिबेनक्लामाइड उरलेल्या बीटा पेशींना पिळून इन्सुलिन काढतं, पेशीच नसतील तर पिळणार काय. स्टँडर्ड चाललं नाही याचा अर्थ बहुतेक वेळा मॉडेल टाइप १ कडे घसरलंय, आणि त्या बॅचमध्ये तुम्ही तपासताय त्या वनस्पतीच्या अर्काने शुगर उतरली किंवा नाही उतरली, दोन्हीचा अर्थ वेगळा लावावा लागेल.

एसटीझेडच्या आधी रेझिस्टन्स आलाय हे मोजून दाखवा. उपाशीपोटीचं इन्सुलिन, होमा-आयआर (उपाशीपोटीची शुगर आणि इन्सुलिन यांच्या गुणाकारावरून काढलेला रेझिस्टन्सचा आकडा) किंवा इन्सुलिन टॉलरन्स टेस्ट. होमा काढताना शुगर मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये असेल तर भागाकार ४०५ ने, मिलिमोलमध्ये असेल तर २२.५ ने, हे उलटसुलट झालेले थिसिस मी बघितलेत. इन्सुलिन मोजायचं एलायझा किट रॅटचं घ्या, माणसाचं नको.

चरबीचं खाणं घरी करताना

नायपरच्या त्या रेसिपीत किलोमागे ३६५ ग्रॅम नेहमीच्या पेलेटची पूड, ३१० ग्रॅम लार्ड (डुकराची चरबी), २५० ग्रॅम केसिन (दुधातलं प्रोटीन), १० ग्रॅम कोलेस्टेरॉल, ६० ग्रॅम व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण आणि थोडं मिथिओनिन, यीस्ट, मीठ असतं, साधारण ५८ टक्के कॅलरी चरबीतून. आपल्याकडे लार्ड मिळत नाही म्हणून डालडा आणि खोबरेल चालवतात. चालवा, पण थिसिसमध्ये तसं लिहा, कारण ती चरबी वेगळी आणि निकालही वेगळे येऊ शकतात. उन्हाळ्यात हे मिश्रण लवकर खवट होतं, रॅट ते खात नाहीत, तुम्हाला वाटतं चरबीचं खाणं चालू आहे आणि ते प्रत्यक्षात अर्धपोटी असतात. थोडं थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, रोज उरलेलं वजन करा. आठवड्याला वजन साध्या ग्रुपपेक्षा वाढत नसेल तर पुढे जाऊ नका.

शुगर मोजताना

रोज वेगळ्या वेळी मोजणं ही चूक फार साधी आणि फार सर्रास. रॅट रात्री खातो. रात्रभर उपाशी ठेवलं म्हणजे त्याचं मुख्य जेवण काढून घेतलं, बऱ्याच कामांसाठी सकाळचे सहा तास पुरतात, जे ठरवाल ते शेवटपर्यंत तेच ठेवा. धरताना घाबरला तरी शुगर चढते, म्हणून आधीचा आठवडाभर रोज हाताळा. भूल देऊन रक्त काढत असाल तर केटामिन-झायलाझिनने शुगर बरीच वाढते, तो आकडा बेसलाइन म्हणून धरू नका. ग्लुकोमीटरवर "हाय" आलं तर बहुतेक मीटरची ६०० ची हद्द संपलीय, तिथे ६०० लिहून सरासरी काढू नका, प्लाझ्मा काढून लॅबमध्ये मोजा.

ग्रुप पाडताना

पिंजऱ्यात हात घातला की आधी हाताला लागतो तो मंद रॅट, चपळ शेवटी सापडतो. सापडतील तसे पहिले सहा कंट्रोल, पुढचे सहा टेस्ट असं केलं तर ग्रुप तिथेच वाकडे झाले. ७२ तासांनी शुगर घ्या, २५० च्या वर हा निकष आधीच लिहून ठेवा, बसणारे रॅट शुगरच्या क्रमाने लावा आणि त्यातून चिठ्ठ्या टाकून वाटा. मायक्रोस्कोपखाली अवयवांच्या स्लाइड वाचणाऱ्याला ग्रुप सांगू नका. "सहा" हा आकडा सगळे वापरतात म्हणून वापरू नका, गणित करून ठरवा, आणि किती मरतील याचा अंदाज एथिक्स कमिटीच्या फॉर्म बी मध्येच मांडा. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीचं, सीपीसीएसईएचं, नाव आता सीसीएसईए झालंय, जुने फॉर्मॅट कॉपी करू नका.

किडनीवर काम करणाऱ्यांसाठी

किडनी आणि लिव्हरच्या पेशींवरही ग्लुट-२ असतो. म्हणजे एसटीझेड तिथेही शिरतं. पहिल्या आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची खूण) वाढलं तर ते शुगरमुळे की औषधामुळे हे सांगता येत नाही. काही आठवडे जाऊ द्या, आणि एका ग्रुपला एसटीझेड देऊन इन्सुलिनने शुगर आटोक्यात ठेवा. त्या ग्रुपची किडनीही बिघडली तर दोष शुगरचा नाही. माणसाच्या बीटा पेशींना एसटीझेड फारसं लागतच नाही, स्वादुपिंडाच्या आयलेट कॅन्सरवर ते औषध म्हणून देतात, तेव्हा रॅटच्या पेशी ज्या वाटेने मेल्या तीच वाट माणसात असेल असं निष्कर्षात लिहिताना थांबा.

पेशींवर करत असाल तर

पेशी वाढवायच्या "हाय ग्लुकोज" डीएमईएम या द्रावणात लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे ४५० मिग्रॅ/डेसिलिटर. त्यात वाढवलेल्या पेशींना तुम्ही नॉर्मल कंट्रोल म्हणताय आणि त्या कायमच डायबेटिक रक्तात राहताहेत. कंट्रोलला ५.५ मिलिमोल ठेवा, आणि साखरेने द्रावण दाट होतं म्हणून मॅनिटॉलचा वेगळा कंट्रोल लावा. पेशी शेजारच्या लॅबमधून फ्लास्कमध्ये मागून आणू नका, पुण्याच्या एनसीसीएससारख्या रिपॉझिटरीतून (तपासलेल्या पेशींच्या साठ्यातून) घ्या, पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा) लिहा, मायकोप्लाझ्मा या जिवाणूची लागण तपासा. १९६६ मध्येच स्टॅनली गार्टलरने दाखवलं होतं की कित्येक वेगळ्या समजल्या जाणाऱ्या पेशी प्रत्यक्षात हेला या एकाच कॅन्सर पेशीवंशाच्या होत्या.

परत अॅनिमल हाऊसकडे. डायबेटिक रॅट नॉर्मलपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो, रविवारी बाटली रिकामी राहिली तर सोमवारी तो गेलेला असतो. बेडिंग रोज बदला, बाटल्या दोन लावा, सुट्टीच्या दिवशी कोण येणार ते नावानिशी भिंतीवर लावा. किती टक्के वजन उतरलं की प्रयोग थांबवून रॅटला वेदनारहित मरण द्यायचं हे आधीच ठरलेलं असू द्या. आणि जो मेला त्याचा नंबर, वजन, इंजेक्शनची वेळ, शेवटची शुगर त्याच रजिस्टरमध्ये त्याच ओळीत लिहा, पान फाडू नका, पुढच्या बॅचचा डोस त्या ओळींवरूनच ठरतो.