एचआयव्ही आणि विषाणूजन्य कर्करोगांवर संशोधन करू इच्छिणाऱ्या बडोद्याच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी

घरी मराठी आणि वॉर्डात गुजराती बोलणारी बडोद्याची मुले-मुली एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मला विचारतात की, रुग्ण तपासणे न सोडता एचआयव्हीवर किंवा विषाणूंमुळे होणाऱ्या कर्करोगांवर संशोधन करायचे असेल तर सुरुवात कुठून करावी. माझे उत्तर ठरलेले आहे. आधी प्रश्न शोधा, प्रयोगशाळा नंतर. आणि तो प्रश्न एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्राच्या बाकावर बसलेल्या रुग्णाकडून घ्या.

या वाटेने गेलेल्यांचे काम तपशिलात वाचावे. एझेडटी हे रसायन १९६४ मध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठी बनवले होते आणि त्या कामी ते अपयशी ठरले. वीस वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हिरोआकी मित्सुया यांनी एचआयव्हीच्या संसर्गाने हमखास मरणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) वाढवल्या, त्यांत विषाणू आणि एकेक रसायन घातले, आणि कोणत्या रसायनामुळे पेशी जगतात ते पाहिले. एझेडटीने त्या जगल्या. जुलै १९८५ मध्ये पहिल्या रुग्णाला ते औषध देण्यात आले. सॅम्युअल ब्रोडर आणि रॉबर्ट यार्चोअन यांच्या चमूने पुढच्याच वर्षी १९ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यांपैकी १५ जणांच्या सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या टी-पेशी) वाढल्या होत्या, आणि मार्च १९८७ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. रसायन तेच राहिले, बदलला तो त्याला विचारलेला प्रश्न. यार्चोअन यांनी नंतर एचआयव्हीबाधितांना होणाऱ्या कर्करोगांकडे लक्ष वळवले. त्यांपैकी कापोसी सार्कोमा या कर्करोगामागचा विषाणू युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी १९९४ मध्ये शोधला, आणि त्या रोगावर पोमालिडोमाइड या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. एझेडटीच्या पहिल्या रुग्णापासून मोजली तर ही ३५ वर्षे होतात, आणि हे क्षेत्र निवडताना तेवढ्या धीराची मनाशी तयारी असावी.

मात्र त्यांचा प्रश्न जसाच्या तसा उचलू नका, कारण कापोसी सार्कोमा आपल्याकडे क्वचितच दिसतो. आपल्या ओपीडीत दिसतो तो गर्भाशयमुखाचा कर्करोग. एचआयव्हीबाधित स्त्रियांना त्याचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट असतो, आणि त्यांची तपासणी वयाच्या २५व्या वर्षापासून करावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एआरटी केंद्रात दरमहा गोळ्या न्यायला येणाऱ्या किती स्त्रियांची ही तपासणी एकदा तरी झाली आहे, आणि झाली नसेल तर ती कोणत्या टप्प्यावर राहून गेली, एवढा एकच प्रश्न आयसीएमआर या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दोन महिन्यांच्या विद्यार्थी प्रकल्पाला पुरेसा आहे. प्रकल्पाआधी स्त्रीरोग विभागात उभे राहून ही तपासणी स्वतः पाहा. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबले की बदललेल्या पेशींचा भाग पांढुरका होतो. तो डाग आणि साधी सूज यांतला फरक ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

संमतीच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. आपल्याच जिल्ह्यात २००९ मध्ये मुलींना एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला, २०१० मध्ये तो थांबवावा लागला, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने संमती घेण्याच्या पद्धतीवर कठोर टीका केली. लस उपयुक्त आहे, तरीही लोकांचा विश्वास गेला, याचे मला आजही दुःख वाटते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, समजून दिलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणीही करता येत नाही आणि बाधित व्यक्तीवर संशोधनही करता येत नाही. संमतीपत्र गुजरातीत स्वतः वाचून दाखवा, मग गप्प बसा. थोड्या वेळाने समोरची बाई हळूच विचारते, "साहेब, आमां मारुं नाम आवशे?" (यात माझे नाव येईल का?) सगळी संमती त्या प्रश्नात असते, त्याचे उत्तर देऊन झाल्यावरच सहीसाठी पेन पुढे करावे. नीतिसमितीची मंजुरी मिळेपर्यंत एकही नोंद घेऊ नये, आणि नोंदवहीत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा.

इंटर्नशिपनंतर मेडिसिन, पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी यांपैकी एका विषयात तीन वर्षांची एमडी करावी. थेट रुग्णोपचार करायचे असतील तर मी मेडिसिन सुचवतो. त्यानंतर पीएचडी करावी किंवा कर्करोगशास्त्रात डीएम ही एमडीनंतरची पदवी घ्यावी. पुण्यातील आयसीएमआरची एड्स संशोधन संस्था आणि खारघरचे टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र ही दोन्ही ठिकाणे बडोद्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी गाठता येतात. सुट्टीत तेथे महिनाभर काम करण्याची परवानगी मागून पाहावी. मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध मोजण्यापेक्षा एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे प्रयोगशाळेत असताना आठवड्यातून एक दिवस ओपीडीत बसू देणार का. उत्तर नकारार्थी आले, तर दुसरा मार्गदर्शक शोधावा.