सौर प्रोटॉनचा धोका आपल्या उपग्रहाला किती? अंदाज असा काढा

फ्लेअर (सूर्यावरचा स्फोट) झाला की सगळे आधी एक्स-रेचा आकडा बघतात, पण प्रोटॉनचा त्रास किती होणार हे त्यावरून कळत नाही. आधी बघा फ्लेअर सूर्यावर नेमका कुठे झालाय. सूर्य स्वतःभोवती फिरतो म्हणून त्याच्या चुंबकीय रेषा वळत वळत आपल्यापर्यंत येतात, त्यामुळे आपण साधारण सूर्याच्या मध्यापासून पश्चिमेच्या ५५-६० अंशांच्या भागाशी जोडलेले असतो, तिथे मोठा स्फोट झाला तर जास्त एनर्जीचे प्रोटॉन काही मिनिटांत येऊन धडकू शकतात आणि पूर्वेच्या कडेला झाला तर बऱ्याचदा सावकाश चढतात किंवा फारसे येतच नाहीत.

मग नोआच्या (अमेरिकेची हवामान आणि समुद्र संस्था) साइटवर त्यांच्या गोज उपग्रहाचा प्रोटॉन ग्राफ उघडा. १० एमईव्हीच्या (प्रोटॉनची एनर्जी मोजायचं एकक) वरची लाइन १० ला पोचली की नोआच्या वादळ-मोजपट्टीवर एस१, १०० ला एस२, असं दहापटीने एस५ पर्यंत. पण १०० एमईव्हीची लाइन पण बघाच, कमी एनर्जीवाले मुख्यतः सोलर पॅनल झिजवतात, जास्तवाले बॉक्स भेदून मेमरीतला बिट उलटवतात.

आता खरं काम, तुमची कक्षा. भूस्थिर असेल तर सोपं, गोज तिथेच असल्याने त्याचाच आकडा जवळजवळ तसाच धरा. खालच्या कक्षेत मात्र पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बरेच प्रोटॉन अडवतं आणि कुठपर्यंत अडवतं त्याला कटऑफ म्हणतात. ढोबळ सूत्र असं, १४.५ भागिले एल चा वर्ग, उत्तर जीव्हीमध्ये (गिगाव्होल्ट, प्रोटॉनला वळवणं किती अवघड त्याचं माप). एल म्हणजे तिथली चुंबकीय रेषा विषुववृत्तावर पृथ्वीच्या केंद्रापासून किती पृथ्वी-त्रिज्या लांब जाते तो आकडा. एल ४ म्हणजे चुंबकीय अक्षांश ६०, तिथे कटऑफ येतो ०.९ जीव्ही, म्हणजे साधारण ३७० एमईव्हीच्या खालचा प्रोटॉन आत येत नाही. १०० एमईव्हीचा प्रोटॉन याच हिशेबाने ६५ अंशांच्या वरच दिसेल. म्हणून ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहाची प्रत्येक फेरी घ्या, ६५ च्या वर किती मिनिटं जातात ते मोजा, त्याला गोजच्या फ्लक्सने (ग्राफवरच्या प्रोटॉनच्या आकड्याने) गुणा, धोक्याचा अंदाज हाच.

इथे एक चूक फार जण करतात, ती ६५ ची रेषा कायमची धरतात. सीएमई (सूर्याने फेकलेला चुंबकीय वायूचा मोठा ढग) येऊन धडकली की चुंबकीय वादळ सुरू होतं, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची ढाल दबते आणि रेषा विषुववृत्ताकडे सरकते, आणि वाईट म्हणजे बऱ्याचदा नेमका त्याच वेळी सीएमईच्या शॉकसोबत प्रोटॉनचा दुसरा लोंढा येतो. २००३ मध्ये २८ ऑक्टोबरला मोठा फ्लेअर झाला, सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्यात बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, आणि साधारण १९ तासांत सीएमई पृथ्वीवर आली पण! अशा वेळी मी केपी (चुंबकीय वादळाचा ० ते ९ निर्देशांक) ७-८ झाला की रेषा ४-५ अंश खाली घेऊन सगळी मिनिटं परत मोजतो, आकडा किती वाढतो ते एकदा स्वतः करून बघा.

थ्रस्टर फायरिंग, सॉफ्टवेअर अपलोड असली कामं या मिनिटांत ठेवू नका, आणि स्टार ट्रॅकर (तारे बघून दिशा ठरवणारा कॅमेरा) भरकटला तर जायरोवर (फिरणं मोजणारा सेन्सर) जायची तयारी ठेवा. घटना संपली की मेमरी एररचा लॉग काढून प्रत्येक एररच्या वेळी उपग्रह कुठल्या अक्षांशावर होता ते लावा, रेषेच्या खाली एरर दिसले तर पुढच्या वेळी रेषा अजून खाली घ्या.