सागवान परवडत नाही म्हणून स्वस्त लाकूड घेताय? आधी या चुका टाळा

वर्षभर लोक मला फोटो पाठवत असतात. पावसाळ्यात "दार घासतंय", उन्हाळ्यात "टेबलाला चीर गेली", आणि खाली ठरलेला प्रश्न, "सागवानच घ्यायला हवं होतं का?" नाही हो. आंबा, बाभूळ, पाईन, रबरवूड, सगळ्यात चांगलं फर्निचर होतं. लाकूड गरीब नसतं, आपण घाईत असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओलं लाकूड. आणि हे मी तोंडघशी पडून शिकलोय. ताईने पुण्यात कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा जेवणाचं टेबल मी करतो असं बोलून बसलो. भर जुलैत भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो, आंब्याच्या दीड इंची फळ्या बघितल्या, काय सुंदर रेषा होत्या, दुकानदार म्हणाला "साहेब, वर्षभर मुरलेला माल आहे, डोळे झाकून घेऊन जा" आणि मी खरंच डोळे झाकले. फळी हाताला गार लागत होती, रंधा मारला की ओलसर सालपटं निघत होती, सगळं दिसत होतं पण वास्तुशांत पंधरा दिवसांवर आलेली. वर कडी म्हणजे फळ्या जोडून केलेला टॉप मी खालच्या फ्रेमला चारी बाजूंनी स्क्रूने आवळून टाकला. वास्तुशांतीला सगळ्यांनी वाहवा केली, भाऊजींनी तर पाहुण्यांना टेबलाखाली वाकून दाखवलं. मार्चमध्ये रात्री अकराला ताईचा फोन, "अरे, तुझ्या टेबलाने फटाका फोडला बघ!" मधोमध फूटभर चीर, रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी.

झालं काय, तर लाकूड सुकताना लांबीला जवळजवळ आकसत नाही, रुंदीला आकसतं. माझा टॉप आकसायला बघत होता आणि स्क्रू त्याला सोडत नव्हते, मग तो फाटला. आता मी फ्रेममधली भोकं आडवी लांबट करतो, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते. दहा मिनिटांचं काम आहे, पण रील बघून शिकलेल्यांना तेवढाही धीर नसतो.

लाकूड सुकलंय की नाही हे बघायची माझी पद्धत गावठी आहे. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा घेतो, फळी मोजतो आणि वजन-तारीख फळीवरच पेन्सिलने लिहितो. मग फळ्या पार्किंगच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वर, प्रत्येक थरामध्ये रिपा, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, घालून रचतो आणि टोकांना उरलासुरला ऑइलपेंट फासतो, कारण पाणी टोकांतून सगळ्यात लवकर उडतं आणि तिथेच आधी तडे जातात. दर रविवारी वजन. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की मगच करवत काढतो. ऑगस्टमधल्या स्थिर आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. उघड्यावर सुकवायचं तर एक इंच जाडीला एक वर्ष हा ढोबळ हिशोब, आणि एवढं थांबायचं नसेल तर भट्टीत सुकवलेलं घ्या, चार पैसे जास्त द्या.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे पॅलेट, कारखान्यात माल ठेवायच्या त्या लाकडी चौकटी. भोसरी-चाकणकडचे पॅलेट स्वस्तात मिळतात म्हणून लोक टेम्पो भरून आणतात. अहो, आधी शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात नकोच. शिक्काच नसेल, तेलाचे डाग असतील तर मी हात लावत नाही. आणि खिळे! "सगळे काढले" अशी खात्री असताना मी रंध्याच्या मशीनवर फळी चढवली, आत मोडलेला खिळा होता, एका सेकंदात पात्यांना खाचा. तेवढ्या पैशात नवीन पाईन आलं असतं. आता आधी लोहचुंबक फिरवतो.

बाकीच्या थोडक्यात. आंबा आणि रबरवूडला भुंगा लवकर लागतो, बोरिक-बोरॅक्सचं ट्रीटमेंट झालंय का विचारा, आणि रबरवूड बाल्कनीत ठेवू नका. पाईनवर थेट स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारू नका, डाग डाग दिसतं, आधी छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचा पातळ हात द्या. बाभूळ कणखर, बैलगाडीची चाकं उगाच नाही करायचे त्याची, पण ड्रिल न करता स्क्रू ठोकलात तर स्क्रू तरी मोडेल नाहीतर फळी फाटेल. "स्वस्त सागवान" म्हणून मिळालेल्या फळीवर पॉलिश असेल तर एक कोपरा तासून बघा, निम्मा पांढरा भाग, म्हणजे सालीलगतचं कच्चं लाकूड, निघतो, आणि तो कीड आधी खाते. प्लाय घेताना ओट्याखाली पाण्याला टिकणारा ७१० शिक्क्याचा, बेडरूममध्ये साधा ३०३ पुरतो.

आणि हिशोब स्वतः करा हो. फुटातली लांबी गुणिले इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी, भागिले १४४, की घनफूट आलं. ७ फूट, ८ इंच, दीड इंच म्हणजे ०.५८. काउंटरवर उभं राहूनच मोबाईलवर करा, आणि माप रंधा मारण्याआधीचं की नंतरचं ते विचारा, कारण इंचाची फळी साफ होईपर्यंत पाऊण इंच उरते आणि पैसे मात्र इंचाचे गेलेले असतात.