पाण्याच्या लॅबमध्ये नवीन लागलात? मग डिसिजन रूल आधी समजून घ्या

बीएस्सी केमिस्ट्री करून आमच्या यवतमाळकडची बरीच पोरं-पोरी पाण्याच्या लॅबमध्ये लागतात, टायट्रेशन, इलेक्ट्रोड पटापट शिकतात, पण आकडा लिमिटच्या जवळ आला की अडकतात. तिथंच डिसिजन रूल लागतो, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता धरून पास का फेल कसं ठरवायचं याचा नियम. मी हेच काम करते म्हणून लिहून राहिले.

आमच्याकडे बोरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००:२०१२, त्यात लिमिट १.० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरी सोयच नसेल तर १.५. आता समजा गावात पाण्याची दुसरी सोय नाही, म्हणून लिमिट १.५ धरली, हातपंपाचं सॅम्पल १.४२ आलं आणि तुमची अनसर्टन्टी, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता, ±०.१२ आहे (के = २, साधारण ९५ टक्के खात्रीची रेंज), म्हणजे खरा आकडा साधारण १.३० ते १.५४ मध्ये कुठंही असू शकतो. ग्रामसेवक समोर बसलेले, "मॅडम, पास का फेल तेवढं सांगा ना."

नुसता आकडा पाहिला तर पास. याला सिम्पल ॲक्सेप्टन्स म्हणतात, आणि आकडा अगदी लिमिटवर आला तर निर्णय चुकायचा चान्स ५० टक्क्यांपर्यंत जातो. दुसरी पद्धत गार्ड बँडची, १.५ मधून ०.१२ वजा करायचे, १.३८ च्या आत आलं तरच पास, मग चुकीचं पास व्हायचा चान्स अडीच टक्क्यांच्या आत राहतो. आपलं १.४२ इथं पास होत नाही, पण ते १.५ च्या वर आहे असंही सिद्ध होत नाही, तशी शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास आहे.

दोन्ही पद्धती मान्य आहेत, फरक रिस्क कोणाच्या डोक्यावर जाते याचा. पिण्याच्या पाण्याला मी गार्ड बँडच म्हणेन, लेकरांच्या दातावर पडलेले डाग परत जात नाहीत हो. पण रूल आकडा पाहून ठरवायचा नाही! लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७०२५:२०१७ सांगतं की पास-फेल हवं असेल तर रूल कस्टमरशी आधीच ठरवा, सॅम्पल घेतानाच फॉर्मवर लिहून घ्या, आणि रिपोर्टमध्येही कोणता रूल लावला ते टाका.

आणि पास येईपर्यंत सॅम्पल परत परत लावत बसू नका. त्यापेक्षा १.५ च्या आजूबाजूचे स्टँडर्ड घेऊन कॅलिब्रेशन करा, स्टँडर्ड आणि सॅम्पल एकाच तापमानाला ठेवा, बफर दोघांत सारखाच टाका. अशा कामानं अनसर्टन्टी खरंच ०.०६ वर आली तर गार्ड बँडची लिमिट १.४४ होते, आणि पुढच्या वेळी असंच १.४२ आलं तर बिनधास्त पास लिहिता येतं.