चपलेवर वाढलेला पाय आणि बर्फाचा बूट: या चुका टाळा

२०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेला पाय बर्फातही चालतो, फक्त बूट त्या पायाचा हवा. बोटं गारठतात ती बहुतेक वेळा बूट पातळ असल्यामुळे नाही, तर तो आवळल्यामुळे. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथंच आहे.

चपलेच्या नंबरावर बूट मागवणं

वावरात अनवाणी किंवा चपलेवर चाललेल्या पायाचा चवडा पसरट होतो. युरोपीय कंपन्यांचे बरेच बूट पुढून निमुळते असतात. लांबी बरोबर बसते, पण करंगळीची बाजू दाबली जाते. त्यामुळे लांबीसोबत चवड्याची रुंदीही मोजा.

माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. उंचीवरही तो फुगतोच. डोंगरावर घालणार तेच मोजे चढवून कागदावर उभे राहा, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पाय आखा आणि मोठ्या पायाचं माप मिलिमीटरमध्ये लिहा. त्यापुढे १२ ते १५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. युरोपीय नंबर एकाने वाढला की लांबी साधारण ६.७ मिलिमीटरनं वाढते, ब्रिटिश नंबरात साधारण ८.५. म्हणून कंपनीचा तक्ता पाहिल्याशिवाय नंबर ठरवू नका.

सपाट फरशीवर दोन पावलं चालून 'बसला' म्हणणं

डबल बूट, म्हणजे बाहेरचं कवच आणि आत सुटा निघणारा बूट, असेल तर आतला बूट काढा, नुसत्या बाहेरच्या कवचात पाय घाला आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन बोटं जागा राहिली पाहिजे. मग आतला बूट घालून नाड्या बांधा आणि जिल्हा परिषद शाळेच्या रॅम्पवर उताराकडे तोंड करून पाय आपटा. अंगठा पुढे टेकला तर बूट बाद. उतरताना तो हजारो वेळा आपटेल, नखं काळी पडतील. आता चढाकडे तोंड करून चवड्यावर उभे राहा. टाच अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलली गेली तर बर्फात क्रॅम्पॉनच्या, म्हणजे बुटाखाली बांधायच्या धातूच्या दातेरी सांगाड्याच्या, पुढच्या दातांवर उभं राहताना पोटरी लवकर थकते आणि टाच सोलते.

थंडी म्हणून मोज्यांवर मोजे

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. दोन जाड मोज्यांनी बूट भरून गेला की रक्त बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि लोकर दबली की तिच्यातली हवा, म्हणजे खरी ऊब, निघून जाते. एक पातळ आणि त्यावर एक जाड लोकरी मोजा पुरतो. सुती मोजा घाम धरून ठेवतो, तो घरीच ठेवा.

चालताना बोटं बधिर वाटू लागली तर लगेच थांबा. आधी चवड्यावरच्या नाड्या आणि क्रॅम्पॉनचा पट्टा सैल करा, बोटं हलवून पाहा, मोजा ओला असेल तर बदला. संवेदना परत येत नसेल, कातडी पांढरी किंवा मेणासारखी दिसत असेल, तर चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका. खाली उतरा आणि डॉक्टर गाठा. पाय पुन्हा गोठण्याचा धोका असेल तर वाटेत गरम पाण्यात घालू नये.

एकच बूट सगळीकडे

चिखलदऱ्याच्या घाटात चालणारा ट्रेकिंगचा बूट मनालीजवळच्या ५,२८९ मीटरच्या फ्रेंडशिप शिखरासाठी पुरेसा नाही. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. सहा हजारांपुढे आतला बूट सुटा निघणारा डबल बूट घ्या. रात्री आतला बूट स्लीपिंग बॅगेत घेता येतो, घामाचा ओलावा वाळतो. ओला राहिला तर सकाळी तो ताठ गोठलेला मिळतो. स्टोव्हवर मात्र वाळवू नका, फोम आकसतो.

क्रॅम्पॉन नंतर पाहू

पुढे तारेची कडी असलेल्या क्रॅम्पॉनला बुटाच्या टोकाला आणि टाचेला, दोन्हीकडे खाच लागते. फक्त टाचेला खाच असेल तर पुढे पट्ट्याचा जोड घ्या. दुकानातच बसवून, पट्टा न बांधता बूट उलटा धरून हलवा. क्रॅम्पॉन निसटलं तर जोडी जुळली नाही. वाकणाऱ्या तळव्याला कडक क्रॅम्पॉन लावलं तर ते निसटतं किंवा तुटतं.

टिनाखाली, माळ्यावर ठेवणं

बुटाच्या मधल्या तळव्यात बहुधा पॉलियुरेथेन असतं. ओलाव्यानं ते हळूहळू विघटित होतं आणि उष्णतेनं ते काम वेगानं होतं. पावसाळ्याची दमट हवा आणि नंतर तापलेलं टिन, दोन्ही आपल्याकडे आहेत. बूट पुरता वाळवून घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत उघडा ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. वापरलेला बूट विकत किंवा भाड्यानं घेतानाही मधला तळवा अंगठ्यानं दाबून पाहा. चीर दिसली, भुगा सुटला किंवा कडेला सोल उघडलेला दिसला, तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. मोच्याकडून वरून डिंक लावून घेतला तरी तो बर्फात टिकत नाही.